मानवी स्वादुपिंडात न सापडलेले इलास्टेज-१ : एका प्रतिपिंडाच्या पडताळणीचे प्रकरण

पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या ऊतींचा अभ्यास चालू असताना हे प्रकरण घडले. पाचक विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करणाऱ्या असिनार पेशी या आजारात हळूहळू नाहीशा होतात आणि त्यांची जागा तंतुमय ऊती घेते. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीच्या प्रत्येक तुकड्यात अशा किती पेशी शिल्लक आहेत, हे आम्हाला मोजायचे होते, आणि त्यासाठी या पेशींची खूण म्हणून वापरता येईल असे एक पाचक विकर व ते ओळखून त्याला चिकटणारे एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हवे होते. अमायलेज आणि ट्रिप्सिन ही दोन विकरे डोळ्यांसमोर होतीच. तिसरे म्हणून आम्ही इलास्टेज-१ निवडले. स्वादुपिंडाची पचनक्षमता तपासण्यासाठी शौचाच्या नमुन्यात इलास्टेज-१ मोजण्याची चाचणी जगभर रूढ आहे, त्यामुळे ऊतीत तेच मोजले तर आमचे निष्कर्ष रुग्णांच्या चाचणी-अहवालांशी थेट ताडून पाहता येतील, असा आमचा हिशेब होता. हिशेब सरळ वाटला, म्हणून तो कोणीही तपासून पाहिला नाही. निवड माझी होती आणि चूक तिथेच होती.

इलास्टेज-१ च्या जनुकाचे अधिकृत नाव सेला-१. 'कायमोट्रिप्सिनसारखे इलास्टेज' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ते बेतलेले आहे. आम्ही मागवलेले प्रतिपिंड सशामध्ये तयार केलेले, बहुक्लोनी, म्हणजे अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण, आणि मानवी सेला-१ च्या एका लहान पेप्टाइडविरुद्ध, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्याविरुद्ध, वाढवलेले होते. सोबतच्या माहितीपत्रकावर 'मानव, माऊस, रॅट' या तीन प्रजाती लिहिलेल्या होत्या आणि वेस्टर्न ब्लॉटचे (प्रथिने वजनानुसार वेगळी करून पडद्यावर प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीचे) एक छायाचित्र होते, ज्यात २८ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास एकच ठसठशीत पट्टी दिसत होती. ते छायाचित्र माऊसच्या स्वादुपिंडाचे आहे, हे खालच्या बारीक अक्षरांत नमूद होते. ती ओळ आम्ही वाचली होती, पण तिच्यापाशी थांबलो नव्हतो.

पहिले तीन आठवडे

संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीने मिळालेल्या मानवी ऊतीतून आमच्या विद्यार्थिनीने प्रथिनांचा अर्क काढला. स्वादुपिंडाच्या बाबतीत हे काम जिकिरीचे असते, कारण हा अवयव प्रथिने पचवणाऱ्या विकरांनीच भरलेला असल्यामुळे जरा हयगय झाली की अर्क स्वतःलाच पचवू लागतो. तिने बर्फावर काम केले, प्रोटिएज-रोधके दुप्पट घातली आणि ऊती मिळाल्यापासून ती गोठवण्यापर्यंतचा वेळ मिनिटांत नोंदवून ठेवला. १२ टक्क्यांच्या जेलवर प्रत्येक खाचेत २० मायक्रोग्रॅम प्रथिन घातले, पडद्यावर हस्तांतर केले, साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या ५ टक्के द्रावणाने रिकाम्या जागा झाकल्या, प्रतिपिंड १:१००० या प्रमाणात रात्रभर ठेवले आणि सकाळी चित्र घेतले. चित्रात काहीही नव्हते. सगळीच प्रथिने रंगवणाऱ्या पॉन्सो रंगाने पाहिले तेव्हा पडद्यावर प्रथिने व्यवस्थित उतरलेली होती.

अशा वेळी प्रयोगशाळेत जे होते तेच पुढे झाले. प्रथिनाचे प्रमाण ४० आणि मग ८० मायक्रोग्रॅमवर नेले, प्रतिपिंड १:२५० इतके दाट केले, चित्र घेण्याचा कालावधी काही सेकंदांवरून दहा मिनिटांवर नेला. चौथ्या प्रयत्नात पट्ट्या दिसल्या. एक ५० किलोडाल्टनच्या आसपास ठळक होती, आणि दुसरी २५ च्या जरा वर, फिकट पण स्पष्ट. आमचे अपेक्षित वजन २६ ते २८ होते. जेलवरचे वजन दोन-तीन किलोडाल्टनने इकडेतिकडे होणे हे रोजचेच असते, आणि पाचक विकरांचा पुढचा तुकडा तुटून सक्रिय रूप तयार होते तेव्हा वजन थोडे घटतेही. त्यामुळे ही फिकट पट्टी म्हणजे सक्रिय झालेले इलास्टेज असावे, हे स्पष्टीकरण सहज सुचले आणि सर्वांना पटलेही. ५० ची पट्टी 'अविशिष्ट' म्हणून बाजूला सारण्यात आली.

ते स्पष्टीकरण आमच्या प्रबंधात शिरले नाही, याचे सगळे श्रेय त्या विद्यार्थिनीला आहे. तिने एकही प्रश्न न विचारता पडद्याचा एक तुकडा कापून ठेवला होता आणि त्यावर पहिले प्रतिपिंड न घालता फक्त दुसरे, म्हणजे सशाच्या प्रतिपिंडाला चिकटून प्रकाश देणारे, घातले होते. त्या तुकड्यावरही ५० आणि २५ च्या त्याच दोन पट्ट्या उमटल्या. याचा अर्थ सेला-१ चा त्यांच्याशी काहीच संबंध नव्हता. शस्त्रक्रियेतून आलेल्या ऊतीत रक्त असते, रक्तात माणसाची स्वतःची प्रतिपिंडे असतात, आणि त्या प्रतिपिंडांची जड साखळी सुमारे ५० व हलकी साखळी सुमारे २५ किलोडाल्टनची असते. आमचे दुसरे प्रतिपिंड मानवी रक्तद्रवातील प्रथिनांवरून गाळून घेतलेले नव्हते, म्हणून ते या साखळ्यांना चिकटत होते. हलकी साखळी नेमकी आमच्या अपेक्षित वजनाच्या शेजारी येऊन बसावी, हा निव्वळ योगायोग होता. माणसाच्या ऊतीत २५ ते ३० किलोडाल्टनचे कोणतेही प्रथिन शोधणाऱ्याने हा योगायोग मनात पक्का ठेवावा, असे मला कळकळीने वाटते, कारण पाचक प्रोटिएजपैकी बहुतेक सगळी याच पट्ट्यात येतात.

दुसरे प्रतिपिंड बदलून मानवी रक्तद्रवावरून गाळलेले घेतले. पडदा पुन्हा कोरा झाला.

दोष कोणाचा

कोऱ्या पडद्याचा अर्थ तीनपैकी एक असू शकतो: अर्क बिघडला असेल, प्रतिपिंड निकामी असेल, किंवा शोधतो ती वस्तू तिथे नसेल. पहिल्या दोन शक्यता तपासायला एक दिवस पुरला. त्याच मानवी अर्कात अमायलेजची पट्टी ५६ च्या आसपास झळझळीत दिसली आणि ट्रिप्सिनही सापडले, म्हणून अर्क शाबूत होता. माऊसच्या स्वादुपिंडाच्या अर्कात आमच्या प्रतिपिंडाने १:१००० या पातळ प्रमाणातही २८ च्या जागी एकच देखणी पट्टी दिली, अगदी माहितीपत्रकातल्यासारखी, म्हणून प्रतिपिंडही निरोगी होते. तिसरी शक्यता तेवढी उरली. ती मनात यायला आम्हाला वेळ लागला, कारण ज्या विकराची चाचणी देशोदेशीच्या रुग्णालयांत 'स्वादुपिंडाचे इलास्टेज-१' या नावाने होते ते माणसाच्या स्वादुपिंडात नसेल, ही कल्पनाच करवत नव्हती.

पण वस्तुस्थिती तीच आहे, आणि ती १९९७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्या वर्षी रोज आणि मॅक्डोनल्ड यांनी दाखवून दिले की माणसाचे इलास्टेज-१ चे जनुक स्वादुपिंडात मूक झालेले आहे. जनुक जागेवर आहे, बाराव्या गुणसूत्रावर आहे, परंतु त्याला स्वादुपिंडात चालू करणारे नियंत्रक भाग उत्क्रांतीच्या ओघात झालेल्या बदलांनी निकामी झाले आहेत. रॅट, माऊस, डुक्कर यांच्या स्वादुपिंडात मात्र हेच जनुक जोमाने चालते. या निष्कर्षाला एक पूर्वपीठिका आहे, जी मला फार मोलाची वाटते. रॅटचे इलास्टेज-१ चे जनुक माऊसमध्ये घातले असता ते इतर अवयवांत नव्हे, स्वादुपिंडातच चालते, असे १९८४ मध्ये ज्या गटाने दाखवले त्यात मॅक्डोनल्ड होतेच. म्हणजे एका प्राण्यात हे जनुक स्वादुपिंडाची अस्सल ओळख म्हणून ज्यांनी अभ्यासले, त्यांनीच माणसात ते त्या अवयवापुरते विझल्याचे सांगितले. पुढे २००० मध्ये माणसाच्या त्वचेतील किराटिनोसाइट पेशींत हे जनुक चालत असल्याचे दिसून आले, आणि त्याचबरोबर वाचनचौकट, म्हणजे जनुकाची अक्षरे वाचण्याची मांडणी, बिघडवणारा एक बदल लोकांमध्ये सर्रास आढळतो असेही दिसले. जे जनुक इतक्या जणांत मोडके असूनही त्यांचे अन्न व्यवस्थित पचते, ते पचनासाठी अनिवार्य असण्याचा संभव मुळातच कमी.

आम्ही आमच्या ऊतीतील आरएनएवर, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंवर, हीच गोष्ट पडताळली. याच कुळातील सेला-३बी या जनुकाचा संदेश पीसीआरच्या, म्हणजे संदेशाच्या प्रती वाढवून तो मोजण्याच्या पद्धतीच्या, सुरुवातीच्या चक्रांतच वर आला, सेला-२ए चाही आला, सेला-१ चा अखेरपर्यंत आला नाही. प्रतिपिंड पहिल्या दिवसापासून खरे उत्तर देत होते. आम्ही त्याच्याकडून वेगळे उत्तर वदवून घेण्यासाठी तीन आठवडे खर्च केले.

मग शौचाच्या नमुन्यात काय मोजले जाते

हा प्रश्न या प्रकरणाचा गाभा आहे, कारण चाचणी खोटी नाही. लेझर, मोलगार्ड आणि फ्योल्श यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम व तीव्र अकार्यक्षमता असलेले सगळे रुग्ण या चाचणीने ओळखले गेले होते, सौम्य अकार्यक्षमतेत मात्र हे प्रमाण ६३ टक्के होते. नळी घालून स्वादुरस गोळा करण्याची यातायात तिने पुष्कळ अंशी टाळली. एका ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी विकर आढळल्यास स्वादुपिंड कमी पडते आहे आणि १०० पेक्षा कमी असल्यास ते तीव्रतेने कमी पडते आहे, या मर्यादा आजही वापरल्या जातात. जे विकर माणूस तयारच करत नाही त्याच्या मोजमापावर अशी चाचणी उभी राहू शकत नाही. तेव्हा घोटाळा मोजमापात नसून नावात असला पाहिजे.

नावाचा गुंता असा झाला. स्वादुपिंडातील इलास्टेजचा पहिला शोध बालो आणि बांगा यांनी बुडापेस्टमध्ये १९४९-५० च्या सुमारास लावला, आणि पुढे डुकराचे विकर हेच अभ्यासाचे मुख्य साधन बनले. त्याची त्रिमितीय रचना १९७० मध्ये समोर आली. माणसाच्या स्वादुपिंडातून अशी प्रथिने वेगळी काढली गेली तेव्हा त्यांना रासायनिक गुणधर्मांवरून १ आणि २ असे क्रमांक मिळाले. त्या काळी जनुके वाचण्याची सोय नव्हती. १९८० च्या दशकात रॅटच्या जनुकांची क्रमवारी वाचली गेली, तेव्हा तिथेही १ आणि २ असे क्रमांक पडले, पण ते जनुकांच्या नात्यावरून. अशा रीतीने एकाच शब्दापुढे दोन वेगळ्या क्रमांकमालिका सुरू झाल्या आणि माणसाच्या प्रथिनाचा 'एक' व जनुकाचा 'एक' या दोन निराळ्या गोष्टी झाल्या.

त्याच दशकात जर्मनीतील गीसेन येथे झीगोलाइट यांना मानवी स्वादुपिंडातून कोलेस्टेरॉलला बांधले जाणारे एक प्रथिन मिळाले. ते प्रोटिएज असल्याचे कळले, आतड्यातून जाताना ते फारसे न मोडता शौचात टिकून राहते हे लक्षात आले, आणि प्रथिनांच्या जुन्या मालिकेनुसार त्याला इलास्टेज-१ म्हटले गेले. शौचाची चाचणी याच प्रथिनावर आणि त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांवर उभी राहिली. जनुकांच्या भाषेत हे प्रथिन म्हणजे सेला-३बी. ते पहिल्या गुणसूत्रावरील जनुकातून येते आणि गंमत म्हणजे ज्या इलॅस्टिन नावाच्या तंतूवरून या साऱ्या कुळाला नाव मिळाले, तो तंतू पचवण्याची त्याची शक्ती बेताचीच आहे. म्हणजे चाचणीचे नाव एका निकषावर नव्हे, दोन निकषांवर विसंगत आहे, तरीही चाचणी जे मोजते ते स्वादुपिंडाच्या कामगिरीचे विश्वासार्ह माप आहे. प्रतिपिंडाला नावाशी देणेघेणे नसते, ते प्रथिनाच्या एका पृष्ठभागाला ओळखते. एकक्लोनी, म्हणजे एकाच साच्याच्या, प्रतिपिंडांवरील या चाचणीत डुकराचे विकर मोजले जात नाही, आणि म्हणूनच जेवणासोबत डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेली विकरांची कॅप्सूल घेणाऱ्या रुग्णाला ती थांबवल्याशिवाय ही चाचणी करता येते. पातळ जुलाबाच्या नमुन्यात मात्र विकर पाण्याने विरळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. तो दोष प्रतिपिंडाचा नव्हे, नमुन्याचा.

नवे प्रतिपिंड आणि त्याची मर्यादा

चाचणीतले प्रतिपिंडच ऊतीसाठी वापरावे, हा विचार साहजिक होता आणि तो आम्ही सोडून दिला. त्या चाचणीत प्रथिन त्याच्या नैसर्गिक घडीत पकडले जाते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये ते उकळून, साबणसदृश रसायनाने उलगडून सरळ केलेले असते, तर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत त्याचे धागे एकमेकांत अडकलेले असतात. घडीवर बसणारे प्रतिपिंड या दोन्ही ठिकाणी आंधळे ठरू शकते. म्हणून सेला-३बी विरुद्धचे आणि उलगडलेल्या प्रथिनावर चालणारे प्रतिपिंड आम्ही निवडले, आणि या खेपेस त्याची परीक्षा आधी घेतली.

प्रतिपिंडांच्या पडताळणीसाठी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले होते: जनुक बंद करून पाहणे, प्रतिपिंडाविना केलेल्या स्वतंत्र मोजमापाशी ताडणे, दुसऱ्या प्रतिपिंडाशी ताडणे, खूण जोडलेले प्रथिन पेशीत तयार करून पाहणे, आणि पकडलेले प्रथिन वस्तुमान-वर्णपटमापीने ओळखणे. माणसाच्या ऊतीत जनुक बंद करणे शक्य नव्हते. आम्ही दुसरा आणि चौथा मार्ग घेतला. हेक-२९३ या मानवी पेशी मूळच्या पाचक विकरे बनवत नाहीत, म्हणून त्यांच्या चार थाळ्यांत सेला-१, सेला-२ए, सेला-३ए आणि सेला-३बी ही चार प्रथिने एकेक करून, प्रत्येकाला एकसारखी खूण जोडून तयार करवली. खुणेविरुद्धच्या प्रतिपिंडाने चारही थाळ्यांत प्रथिन बनल्याचे दाखवले. त्यानंतर आमच्या दोन्ही प्रतिपिंडांची पाळी आली.

जुन्या प्रतिपिंडाने फक्त सेला-१ ओळखले, बाकीच्या तिघांना शिवलेही नाही. इतके नेमके प्रतिपिंड क्वचित हाती लागते, आणि आम्ही त्यालाच दोष देत होतो. नव्या प्रतिपिंडाने सेला-१ आणि सेला-२ए सोडून दिले, सेला-३बी ठळकपणे ओळखले, आणि सेला-३ए सुद्धा जवळजवळ तितक्याच ठळकपणे. यात आश्चर्य नव्हते. ३ए आणि ३बी यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात नव्वद टक्क्यांहून अधिक साम्य आहे, दोघांची लांबी सारखीच २७० आहे, आणि दोन्ही मानवी स्वादुपिंडात मुबलक असतात. या जोडीला वेगळे करायचे असेल तर प्रतिपिंड त्यांच्यातील मोजक्या फरकांच्या जागीच बेतलेले हवे, आणि तसे नसताना कुपीवर '३बी' छापलेले असले तरी आम्ही तसे लिहू शकत नव्हतो.

शिल्लक असिनार पेशी मोजणे एवढाच आमचा प्रश्न होता, त्यामुळे ३ए आणि ३बी मिळून येणारा संकेत आम्हाला चालणार होता. मात्र शौच-चाचणीच्या आकड्यांशी थेट तुलना करण्याचा मूळ बेत रद्द करावा लागला, कारण या दोन भावंडांपैकी कोणाला चाचणी किती पकडते आणि आमचे प्रतिपिंड किती पकडते, याचा मेळ आम्ही घातलेला नव्हता. प्रकल्पाचा हा तोटा खरा आहे आणि तो मी अहवालात तसाच लिहिला. आकृत्यांच्या अक्षावर आम्ही 'सेला-३' एवढेच लिहिले, आणि पद्धतींच्या भागात प्रतिपिंडाचा क्रमांक, खेपेचा क्रमांक, पातळपणा व चार थाळ्यांच्या परीक्षेचे पूर्ण, न कापलेले चित्र जोडले. दुसरे प्रतिपिंड एकटे वापरून घेतलेला पडदाही जोडला, त्यावरच्या ५० आणि २५ च्या पट्ट्यांसह.

जुने प्रतिपिंड पुरवणाऱ्यांना आम्ही माऊस व मानव यांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाठवली आणि प्रजातींच्या यादीतील 'मानव' हा शब्द कोणत्या ऊतीच्या आधारावर आहे, असे विचारले. क्रमवारीतील साम्यावरून तो लिहिलेला आहे, असे उत्तर आले. ते उत्तर प्रामाणिक होते. पेप्टाइड मानवी होते, प्रतिपिंड मानवी सेला-१ ओळखत होते, आणि हे आमच्याच थाळीत सिद्धही झाले होते. मानवी स्वादुपिंडाबद्दल त्यांनी काहीच म्हटले नव्हते. ते आम्ही गृहीत धरले होते.

उरलेले सुमारे ६० मायक्रोलिटर द्रावण लहान लहान कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवले आहे. डबीवर विद्यार्थिनीच्या अक्षरात लिहिलेले आहे: सेला-१, माऊस स्वादुपिंड चालते, मानवी त्वचा तपासलेली नाही, मानवी स्वादुपिंडात प्रथिनच नाही.